नॉमिनी लावलाय, मग मृत्युपत्र कशाला?

'बाबांनी सगळीकडे नॉमिनी लावून ठेवलेत, आता काळजी नाही.' हे वाक्य आपल्याकडे इतक्या निर्धास्तपणे बोललं जातं, की त्यात गफलत आहे असं म्हटलं तर समोरचा आपल्याकडेच संशयाने बघतो. पण गफलत आहे. पैसे कोणाच्या हातात द्यायचे, कागदावर नाव कोणाचं लावायचं आणि मालक कोण, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर बँक देते, दुसऱ्याचं सोसायटी किंवा तलाठी, आणि तिसऱ्याचं मृत्युपत्र; ते नसेल तर वारसा कायदा. पहिल्या दोन उत्तरांनाच लोक तिसरं समजून बसतात, आणि मग सख्खी भावंडं दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात.

एक कुटुंब घेऊ. निवृत्त गुरुजी, १९८८ साली पगारातून घेतलेला फ्लॅट, बँकेत वीस लाखांची मुदत ठेव. घरी पत्नी, मुलगा, लग्न झालेली मुलगी आणि ऐंशी ओलांडलेली आई. वडील आधीच गेलेले. गुरुजींना एक भाऊ, एक बहीण. ठेवीला त्यांनी मुलाला नॉमिनी केलं, फ्लॅटला पत्नीला. मृत्युपत्र केलं नाही. आपल्या घरात कोण भांडणार! २०१९ मध्ये गुरुजी गेले.

घरातली समजूत अशी की फ्लॅट आईचा, ठेव मुलाची, मुलीला लग्नात दिलंच आहे, आणि आजीचा तर प्रश्नच येत नाही. हिंदू वारसा कायदा, १९५६ काय म्हणतो? (हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे.) मृत्युपत्र न करता पुरुष वारला, तर त्याची स्वकष्टार्जित मालमत्ता वर्ग एकच्या वारसांकडे जाते. त्यात विधवा, मुलगे, मुली आणि आई येतात, आणि यांतल्या प्रत्येकाला सारखा हिस्सा मिळतो. वडील या वर्गात नाहीत, आई आहे. म्हणजे फ्लॅटमध्ये पत्नी, मुलगा, मुलगी आणि आजी यांचे सोळा आण्यांतले प्रत्येकी चार आणे, म्हणजे पाव हिस्सा. ठेवीतले प्रत्येकी पाच लाख.

इथवर बहुतेकांना पटतं. पुढची पायरी मात्र कोणी मोजत नाही. दोन वर्षांनी आजीही गेल्या, त्यांनीही मृत्युपत्र केलं नव्हतं. आजींचे चार आणे आता कोणाचे? बाईच्या वारसांचा क्रम कायद्यात वेगळा दिला आहे: आधी तिची मुलं आणि नवरा, आणि आधी वारलेल्या मुलाच्या जागी त्याची मुलं. त्यामुळे आजींच्या चार आण्यांचे तीन भाग झाले (एक आणा म्हणजे बारा पै). गुरुजींच्या भावाला एक आणा चार पै, बहिणीला एक आणा चार पै, आणि गुरुजींच्या वाट्याचे एक आणा चार पै त्यांच्या मुलाला आणि मुलीला आठ-आठ पै. सुनेला, म्हणजे गुरुजींच्या पत्नीला, यातलं काहीच नाही. जिने तीसहून जास्त वर्षं त्या घरात संसार केला, तिचा हिस्सा चार आण्यांवरच राहिला आणि ज्यांनी त्या घरात एक रुपया घातला नाही असे काका आणि आत्या त्यात भागीदार झाले. फ्लॅट विकायचा तर त्यांच्या सह्या हव्यात. सह्या देईपर्यंत काका गेले, तर काकू आणि चुलत भावंडांच्या सह्या हव्यात. काकांच्या मनात काही नसलं तरी हे असंच होतं. 'कोण भांडणार' हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. भांडण न होताही व्यवहार अडकतो.

पान-दीड पानाचं मृत्युपत्र असतं तर हे सगळं टळलं असतं.

मग नॉमिनी कशासाठी? आपण घरी नसताना शेजारी आपलं पार्सल घेऊन ठेवतो, तेवढ्यासाठी. बँकेला किंवा कंपनीला कोणाच्या तरी हाती पैसे देऊन मोकळं व्हायचं असतं. नॉमिनीला दिले की त्यांची जबाबदारी संपते, नॉमिनीची सुरू होते. विमा पॉलिसीबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्येच सांगितलं होतं. शेअरच्या बाबतीत मात्र बरीच वर्षं वाद चालला, कारण कंपनी कायद्याची भाषा वेगळी होती. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही मिटवला: शेअरचा नॉमिनीही मालक होत नाही, वारसा कायदा किंवा मृत्युपत्रच ठरवणार. अपवाद म्हणावा असा एकच मोठा आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आयुर्विम्यात आईवडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील, तर त्यांना नुसते पैसे घेणारे नव्हे, लाभार्थी मानायची तरतूद झाली.

सहकारी गृहनिर्माण सोसायटीत हाच गोंधळ रोज दिसतो. सभासद वारला की नॉमिनीचं नाव शेअर सर्टिफिकेटवर चढतं आणि त्या दिवसापासून घर आपलं झालं असं त्याला वाटू लागतं. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने तर स्पष्टच लिहिलं आहे की खरे वारस सभासद होईपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद. मेंटेनन्स भरायला, नोटिसा घ्यायला तो चालतो. विकायला नाही.

याचा अर्थ नॉमिनी लावू नये असा नाही, लावाच. नॉमिनी नसेल तर घरच्यांना साध्या बचत खात्यासाठीही हमीपत्रं, प्रतिज्ञापत्रं आणि रक्कम मोठी असेल तर न्यायालयाचा वारसा दाखला, या फेऱ्यात फिरावं लागतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चारपर्यंत नॉमिनी देता येतात आणि प्रत्येकाची टक्केवारीही लिहिता येते. सोय चांगली आहे, पण मला भीती वाटते ती वेगळीच. टक्केवारी लिहिली की लोकांना वाटणार, हेच आपलं मृत्युपत्र. ते नाही. नॉमिनी आणि मृत्युपत्र यांत एकच नावं ठेवली, तर निम्मे वाद जन्मालाच येणार नाहीत.

जमिनीकडे येऊ. खातेदार वारल्यावर तीन महिन्यांत तलाठ्याकडे (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) कळवून वारस नोंद करायची असते. फेरफार होतो, नोटीस निघते, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि सातबाऱ्यावर वारसांची नावं येतात. आपल्याकडे ही नोंद दोन-दोन पिढ्या रखडते. सरकारला २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम राज्यभर काढावी लागली, कारण सातबाऱ्यावर मयतांची नावं तशीच राहिली होती आणि त्यावर कर्ज निघेना, नुकसानभरपाई मिळेना. पण इथेही तेच: सातबारा हा महसुलाचा कागद आहे. त्याच्यावरून सारा कोणाकडून घ्यायचा ते ठरतं, मालकी ठरत नाही. बहिणींची नावं 'इतर हक्कात' घातली किंवा घातलीच नाहीत, म्हणून त्यांचा हक्क बुडत नाही. तो बुडतो तो नोंदणीकृत हक्कसोडपत्रावर सही केल्यावर. बहिणीला दुय्यम निबंधकाकडे नेताना 'नुसती सही आहे' म्हणून सांगणारे भाऊ आपण सगळ्यांनी पाहिलेत. ती नुसती सही नसते. हक्क सोडायचा की नाही हे तिने ठरवावं, पण कागद वाचून ठरवावं.

मुलींच्या हक्काबद्दल अजूनही अर्धवट ऐकीव माहिती फिरते, म्हणून थोडं विस्ताराने. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी जन्मापासून मुलाइतकीच सहदायाद, म्हणजे जन्मानेच हिस्सेदार आहे. ही दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. पुढे वाद निघाला की त्या दिवशी वडील हयात नसतील तर काय? ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं, वडील हयात असण्याची अट नाही, हक्क जन्माने आहे. २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेलं रीतसर वाटप किंवा विक्री मात्र उकरता येत नाही. लग्न झालंय का, लग्नात काय दिलं, किती तोळे घातले, याचा कायद्याशी काडीचा संबंध नाही.

उलट बाजूची एक चुकीची समजूतही तितकीच पक्की आहे. 'आजोबांची जमीन आहे, म्हणजे वडिलोपार्जित, म्हणजे बाबांना ती विकता येणार नाही.' सरसकट असं नाही. आजोबांनी स्वतः कमावलेली जमीन ते १९५६ नंतर मृत्युपत्र न करता वारल्यामुळे वडिलांना वारसाने मिळाली असेल, तर ती वडिलांची स्वतंत्र मालमत्ता ठरते. सर्वोच्च न्यायालय १९८६ पासून हेच सांगत आलं आहे. वडील ती विकू शकतात, मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात. बरेच दावे या एका मुद्द्यावर हरले जातात, आणि वकिलाची फी भरून झाल्यावर ते कळतं.

इतर धर्मीयांसाठी नियम वेगळे आहेत. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय मालमत्तेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग मृत्युपत्राने देता येत नाही. ख्रिस्ती कुटुंबात मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांना. त्यामुळे शेजारच्यांचं बघून आपला कागद करू नये.

मृत्युपत्र कसं करायचं

सोपं आहे, आणि हेच लोकांना खरं वाटत नाही. स्टँप पेपर लागत नाही. साधा कागद चालतो, हस्ताक्षरात चालतं, मराठीत चालतं. करणारा सज्ञान आणि शुद्धीवर हवा. त्याने सही करायची आणि किमान दोन साक्षीदारांनी ती बघून स्वतःच्या सह्या करायच्या. नोंदणी सक्तीची नाही, पण करावी. दुय्यम निबंधक कार्यालयात किरकोळ खर्चात होते. शेवटचं मृत्युपत्र खरं मानतात, म्हणून नव्यात 'याआधीची सर्व मृत्युपत्रं रद्द' असं लिहायचं.

खाचाखोचा साक्षीदारांत आहेत. पुढे कोर्टात वाद झाला तर निदान एका साक्षीदाराला येऊन 'माझ्यासमोर सही केली' असं सांगावं लागतं. आपल्याकडे साक्षीदार म्हणून बरोबरीच्या वयाचे मित्र घेतात. ऐंशीच्या माणसाने ऐंशीचाच साक्षीदार घेतला, तर कोर्टात जाणार कोण? वयाने लहान, जवळपास राहणारे आणि ज्यांना मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही असे दोघे निवडावेत. वय जास्त असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडावं. आणि एखाद्याला कमी किंवा काहीच द्यायचं नसेल, तर ते गाळू नका, कारणासकट एका वाक्यात लिहा. ज्या मुलाचा उल्लेखच नाही तो 'बाबांना शुद्ध नव्हती' म्हणायला मोकळा असतो. 'थोरल्याला २००५ मध्ये दुकानासाठी पैसे दिले आहेत, म्हणून घर धाकट्याला' हे वाक्य असेल तर त्याला तसं म्हणणं जड जातं.

'उरलेलं सगळं अमक्याला' असं एक कलमही घालावं. कागद केल्यानंतर घेतलेला फंड, नंतर सापडलेली ठेव, सोनं, यांचं काय करायचं ते त्यामुळे ठरतं.

मृत्युपत्राची वाट कशाला बघायची, आत्ताच बक्षीसपत्र करून टाकू, असंही अनेकांच्या मनात येतं. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन पती-पत्नी, मुलगा, मुलगी किंवा नातवंडांना बक्षीस दिली, तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे (स्थानिक अधिभार वेगळा), त्यामुळे मोह होतो. माझं मत विचाराल तर राहतं घर हयातीत कोणाच्याही नावावर करू नये. मृत्युपत्र शंभरदा बदलता येतं; बक्षीसपत्र झालं की घर गेलं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात एक दार ठेवलेलं आहे: सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकतं. पण त्यासाठी आपल्याच मुलाविरुद्ध अर्ज करून सुनावणीला उभं राहावं लागतं. द्यायचंच असेल तर ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट शब्दांत लिहून घ्या.

आता कर

इतकी वर्षं लोक मला आधी हाच प्रश्न विचारतात, आणि याचंच उत्तर सर्वांत दिलासा देणारं आहे. भारतात वारसा मिळाला म्हणून कर लागत नाही. १९५३ चा मृत्यूकर १९८५ मध्ये गेला, संपत्ती कर २०१५ मध्ये गेला. वारसाने मिळालेलं घर, दागिने, ठेव, काहीही उत्पन्न धरलं जात नाही.

हयातीत दिलेल्या भेटींचं गणित जरा गमतीचं आहे. परक्याकडून वर्षात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम मिळाली तर सगळीच करपात्र. नातेवाइकाकडून कितीही मिळाली तरी कर नाही. पण नातेवाईक कोण, याची यादी कायद्याने दिली आहे आणि ती आपल्या नात्यांशी पूर्ण जुळत नाही. मामाने भाच्याला दहा लाख दिले तर कर नाही, कारण आईचा भाऊ भाच्याच्या यादीत आहे. भाच्याने मामाला दहा लाख दिले तर मामाला कर भरावा लागतो, कारण बहिणीचा मुलगा मामाच्या यादीत नाही. चुलत, मामे, आते, मावस भावंडं तर कोणाच्याच यादीत नाहीत. शिवाय पत्नीला किंवा सुनेला दिलेल्या पैशाचं व्याज देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं, त्यामुळे कर वाचवायला पत्नीच्या नावे ठेव करण्याचा जुना उपाय चालत नाही.

कर लागतो तो वारसाची मालमत्ता विकताना. गुरुजींचाच फ्लॅट घ्या. १९८८ ची खरेदी दीड लाखाची. मालमत्ता १ एप्रिल २००१ च्या आधीची असेल तर त्या तारखेची बाजारभावाने किंमत खरेदी म्हणून धरता येते. ती मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराकडून काढून घ्यावी, आणि त्या तारखेच्या मुद्रांक मूल्याच्या वर धरता येत नाही. समजा ती सहा लाख निघाली आणि २०२५-२६ मध्ये फ्लॅट ऐंशी लाखांना विकला. वारसाला खरेदीची किंमतही गुरुजींची मिळते आणि फ्लॅट बाळगल्याचा कालावधीही त्यांचाच, म्हणून हा दीर्घकालीन नफा. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमीन-घरांसाठी निवासी भारतीयाला दोन पर्याय आहेत: महागाई निर्देशांक (महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरायचा आकडा) न लावता १२.५ टक्के, किंवा लावून २० टक्के.

पत्नीचे चार आणे म्हणजे विक्रीचे वीस लाख, खरेदीचे दीड लाख. पहिल्या पर्यायाने नफा साडेअठरा लाख, कर २,३१,२५०. दुसऱ्यात निर्देशांक २००१-०२ चा १०० आणि २०२५-२६ चा ३७६, म्हणून दीड लाखाचे ५.६४ लाख झाले, नफा १४.३६ लाख, कर २,८७,२००. इथे पहिला पर्याय स्वस्त. किंमत फार न वाढलेल्या गावातल्या घराला दुसरा स्वस्त पडू शकतो, तेव्हा दोन्ही मांडून बघा. वर सेस (करावरचा जादा कर) आहेच. मुख्य म्हणजे प्रत्येक वारसाने आपापला हिस्सा आपापल्या विवरणपत्रात दाखवायचा. सगळा पैसा एकाच्या खात्यात घेऊन 'नंतर वाटून घेऊ' केलं की आयकर खात्याची नोटीस त्या एकालाच येते. नफ्यातून दुसरं घर घेतलं किंवा सहा महिन्यांत पन्नास लाखांपर्यंत ठरावीक रोख्यांत गुंतवले, तर कर वाचतो. आणि शहराच्या हद्दीपासून ठरावीक अंतराबाहेरची शेतजमीन असेल तर हा करच लागत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्याने कलमांचे आकडे बदललेत, म्हणून इथे मुद्दामच लिहीत नाही.

वारलेल्या माणसाचंही विवरणपत्र भरायचं असतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. मृत्यूच्या तारखेपर्यंतचं उत्पन्न त्यांच्या पॅनवर, त्यानंतरचं वारसांच्या. आयकर पोर्टलवर वारस म्हणून नोंद करून ते भरता येतं, आणि अडकलेला रिफंडही तसाच मिळतो. त्यांचा थकलेला कर आणि कर्जं वारसाला मिळालेल्या मालमत्तेपुरतीच फेडावी लागतात, स्वतःच्या खिशातून नाही. पण कर्जाला तुम्ही सहकर्जदार किंवा जामीन असाल तर ही सवलत नाही. वसुलीवाले हा फरक सांगत नाहीत.

राहिल्या कोणालाच माहीत नसलेल्या ठेवी. दहा वर्षं हात न लागलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, सात वर्षं न घेतलेला लाभांश आणि त्याचे शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीत. दोन्हीकडून वारसांना परत मागता येतात, मुदत संपत नाही. बँकांतल्या ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' पोर्टल २०२३ पासून आहे. नाव आणि पॅन किंवा जन्मतारीख घातली की कळतं. ते फक्त शोधून देतं. दावा त्या बँकेच्या शाखेतच, मृत्यू दाखला घेऊन करायचा.